कानातली खोली

आमच्या महाविद्यालयात कानांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातले कान मोकळे असतात. ते बहुतेक प्राध्यापकांचे, आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या सात-आठ जणांचे. दुसऱ्या वर्गातल्या कानांत पांढरी, बिनतारेची बोंडं उमललेली असतात. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून पाहिलं तर ऐन दिवाळीतलं कपाशीचं शेत पाहिल्यासारखं वाटतं. तिसऱ्या वर्गात तूर्त मी एकटाच आहे. माझ्या कानात करड्या धातूचा, मोठ्या चिंचोक्याएवढा एकेक खडा बसतो. त्याची तार कानावरून मागे वळते, गळ्यापाशी दुसरीला भेटते आणि मग दोघी मिळून खिशातल्या फोनमध्ये शिरतात. हे पाहून मित्रांनी मला ‘वायरमन’ अशी पदवी बहाल केली आहे. (दुसरी पदवी विद्यापीठ देईल तेव्हा देईल.) ग्रंथालयातल्या मामांनी तर पहिल्याच दिवशी माझ्या जवळ येऊन, खूप मोठ्या आवाजात आणि खूप मायेनं विचारलं, “बाळ, ऐकायला कमी येतं का रे?”

वाचनकक्षातले सगळे हसले. पण मामांचा प्रश्न वाटतो तेवढा अस्थानी नव्हता. ते पुढे ओघाने येईलच.

या वस्तूला इन-इअर मॉनिटर म्हणतात. मराठी विभागाचा विद्यार्थी या नात्यानं मी तिला मराठी नाव देण्याचा प्रयत्न केला. ‘कर्णांतर्गत निरीक्षक’ असं भाषांतर झालं, पण ते परीक्षेच्या वेळी येणाऱ्या भरारी पथकातल्या साहेबांसारखं वाटायला लागलं, म्हणून नाद सोडला. आपण खडे म्हणू. मॉनिटर हा शब्द रंगमंचावरून आलेला आहे. मोठ्या कार्यक्रमात कर्णे लोकांकडे तोंड करून असतात. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून एक कर्णा उलटा, त्याच्याकडे तोंड करून ठेवतात. तो मॉनिटर. पण रॉक संगीताच्या गदारोळात तोही पुरेना. तेव्हा १९९५ साली अमेरिकेतल्या ‘व्हॅन हेलन’ या वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी आपल्या ड्रम वाजवणाऱ्यासाठी हा कर्णाच बारीक करून थेट कानात बसवला. त्यातूनच पुढे ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी निघाली. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, ‘एटिमोटिक रिसर्च’ या अमेरिकी कंपनीनं ‘ईआर-४’ नावाचे खडे काढले होते, आणि ते वादकांसाठी नव्हे तर घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी होते. एटिमोटिक या शब्दाचा अर्थ ‘कानाशी प्रामाणिक’. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे. गेल्या काही वर्षांत मूनड्रॉप, केझेड, ट्रुथिअर, सिमगॉट अशा चिनी कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि जी वस्तू वादकांच्या नि शौकिनांच्या कानात होती ती एरंडोलच्या एका कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. म्हणजे अगदी हाताशी नाही. टाचा उंच केल्या तर हात पोचेल इतपत.

आता मला हिची गरज का पडावी?

मराठीच्या प्रकल्पासाठी मी कानबाईची गाणी हा विषय घेतला होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे घरोघर कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर बाया गातात. माझ्या आजीला ही गाणी जितकी येतात तितकी आमच्या गल्लीत कुणाला येत नाहीत. तिला अक्षर येत नाही, त्यामुळे गाणी आहेत ती तिच्या गळ्यातच. गेल्या श्रावणात मी ती फोनवर मुद्रित केली आणि उतरवायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की फोनच्या कर्ण्यातून आजी जितकी ऐकू येते तितकाच आमचा पंखाही ऐकू येतो. बस स्टँडवर शंभर रुपयांना मिळणारे इअरफोन लावून पाहिले. त्यांच्यात सगळ्या जगाचं एकच गाणं होतं: धम् धम् धम्. आजीचा आवाज त्या धमधमीखाली गादीखालच्या पैशासारखा दडून बसला. सरांचा नियम असा, की ज्या शब्दाची खात्री नाही तिथं जागा कोरी सोडायची, अंदाजानं भरायची नाही. माझ्या वहीत अकरा जागा कोऱ्या होत्या.

सर म्हणाले, “बहिणाबाईंनासुद्धा लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी ऐकून ऐकून उतरवून घेतलं, म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. ऐकणाराही लागतो बाबा.”

मी त्या दिवसापासून चांगल्या ऐकण्याच्या मागे लागलो. पुढचे दोन महिने मी या विषयाचं इतकं वाचन केलं की तेवढं अर्थशास्त्राचं केलं असतं तर माझ्या घरात पेढे वाटले गेले असते. सगळ्यांत आधी एक आलेख वाचायला शिकलो. आडव्या रेषेवर खर्जापासून तारापर्यंतचे स्वर, म्हणजे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत. माणसाचा निरोगी, तरुण कान साधारण एवढंच ऐकतो. उभ्या रेषेवर तो स्वर खडा किती जोरात वाजवतो ते डेसिबलमध्ये. डावीकडे टेकडी असेल तर ढोल फुगणार. मध्ये खड्डा असेल तर गायक लांब गेल्यासारखा वाटणार. उजवीकडे काटे असतील तर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचणार. माझं सगळं लक्ष या उजवीकडच्या भागावर होतं. कारण स्वर खाली असतात, पण शब्द शब्दापासून वेगळा होतो तो व्यंजनांनी, आणि स, श, च, ट, फ यांची बरीचशी ओळख दोन हजार हर्ट्झच्या वर राहते. आजीच्या कोऱ्या जागा तिथंच होत्या.

दुसरी गोष्ट कळली ती किमतीबद्दल. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनांचे असे आलेख तपासले आणि निष्कर्ष काढला की आलेखाचा आकार आणि बाजारातली किंमत यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. मला हे वाचून जो आनंद झाला तो गरिबालाच कळेल! याचा अर्थ महाग ते सगळं खोटं असा नव्हे. घडण, टिकाऊपणा, कानाला सोसणं यांना पैसे पडतात. पण आवाज गोड की कडू हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

मग मध्यम किंमत म्हणजे किती? याचं उत्तर ज्याच्या त्याच्या खिशात असतं. लाखाच्या वरचेही खडे मिळतात. त्या लोकांच्या हिशेबात माझे खडे ही बालवाडी. माझ्या मित्रांच्या हिशेबात ती शुद्ध चैन. मी घेतले ते ३,२०० रुपयांचे. पंधराशेतही चांगले मिळत होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो, आणि कुणी विचारलं तर त्यालाही तेच घ्यायला सांगीन. मी दुप्पट मोजले ते दोन कारणांनी. एक तर याची तार खड्यापासून वेगळी होते. इअरफोन मरतो तो नेहमी तारेनं मरतो. तार बदलता आली तर तो पुन्हा उठून बसतो. दुसरं, त्याचा आलेख उजवीकडे जरा वर उचललेला होता. काहींना तो कडक वाटतो. मला शब्द हवे होते. याच्याहून वर जायचं तर शेवटच्या दोन आण्यांच्या सुखासाठी चौदा आणे मोजावे लागतात, अशी माझी समजूत झाली होती आणि अजून आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अंकाच्या शेवटी दुकानांच्या जाहिराती आहेतच.

पैसे दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून उभे केले. किलोला दहा रुपये दर होता. म्हणजे ३२० किलो कापूस माझ्या दोन कानांत आहे. सरासरी पस्तीस किलो रोजचा धरला तर नऊ दिवस आणि वर थोडं. बोंडाच्या टरफलानं नखांच्या कडा फाटतात, त्यात संध्याकाळी तिखट कालवण खायचं. आबांना किंमत सांगितली तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त मनातल्या मनात भागाकार केला. “इतला पैसासनं काय लयना?” एवढं विचारलं, आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “आठ दिननी हजेरी.” आबा जिनिंगमध्ये कामाला आहेत.

पार्सल आलं. डबीत खडे, तार, आणि रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या: लहान, मध्यम, मोठ्या. या टोप्यांचं महत्त्व कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. खडा कितीही चांगला असो, टोपीनं कानाची नळी नीट बंद केली नाही तर खर्ज सगळा गळून जातो आणि तबल्याचा डगा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. पुष्कळ लोक इथंच वैतागून वस्तूला नावं ठेवतात. माझ्या डाव्या कानाला मध्यम टोपी बसली आणि उजव्याला लहान. माझे दोन कान सारखे नाहीत, हे मला एकोणीस वर्षांनी कळलं. बसवण्याची एक रीत आहे. डोक्यावरून दुसरा हात आणून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. मग खडा किंचित फिरवत आत न्यायचा. बसला की बाहेरचं जग एकदम मागच्या खोलीत जातं.

आणखी एक गंमत. कान असा बंद झाला की आपलाच आवाज डोक्यात घुमतो. खडे घालून कळण्याची भाकरी खाऊन पाहा, डोक्यात जिनिंग चालू झाल्यासारखं वाटेल. चालताना तार सदऱ्याला घासली तरी खरखर ऐकू येते. ती कानावरून मागे घेतली की कमी होते, म्हणून तो वायरमनचा अवतार. आणि तारेला लागणारं गोल भोक माझ्या फोनला आहे, कारण माझा फोन स्वस्त आहे. २०१६ साली ॲपलनं आपल्या फोनमधून हे भोक काढून टाकलं आणि मग एकेका महागड्या फोनातून ते गेलं. श्रीमंतांना आता त्यासाठी वेगळा तुकडा विकत घ्यावा लागतो. गरिबाकडे एखादी गोष्ट जास्त असण्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पहिल्यांदा अर्थातच आजी ऐकली. ज्या जागी ‘पानी’ की ‘वानी’ हे ठरत नव्हतं तिथं ‘वानी’ निघालं. म्हणजे आपली अहिराणीतली उपमा, अमक्यावानी तमकं, आणि त्या एका अक्षरानं कडव्याचा अर्थ सरळ झाला. अकरांपैकी सात जागा भरल्या. चार अजून कोऱ्या आहेत. त्या तशाच ठेवून मी प्रकल्प दिला. पण शब्दांखेरीज जे मिळालं त्याला वहीत रकाना नव्हता. आजी ओळ संपवताना श्वास घेते त्याआधी तिच्या मागे एक बारीक आवाज तीच ओळ उचलतो, तो माझ्या आत्याचा. कडव्याच्या मध्येच बांगड्या वाजतात. कुणीतरी रोट लाटतंय. पंखा होता तिथंच आहे, पण आता तो एका कोपऱ्यात आहे आणि आजी मध्ये बसलेली आहे. मुद्रण तेच, फोन तोच. मी त्या रात्री खोलीत हजर होतो, तरी हे मला ऐकू आलं नव्हतं.

मग कुमार गंधर्व ऐकले. सरांनी वर्गात सांगितलं होतं की ऐन तारुण्यात क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं, आणि परत आले ते लहान लहान तुकड्यांनी गाण्याची स्वतःची रीत घेऊनच आले. हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं असतं. खड्यांतून त्यांचा श्वास ऐकू येतो, तुकड्याच्या आधी, झटकन घेतलेला. पाठ करायची गरज उरली नाही. मला शास्त्रीय संगीत कळतं असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. मला राग ओळखता येत नाहीत. माणूस श्वास कुठं घेतो एवढं ओळखता येतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. आजी, आबा, माय, धाकटी बहीण आणि मी. एक खोली स्वयंपाकाची, दुसरीत उरलेला सगळा संसार आणि टीव्ही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे अभ्यासाला शांतता लागते हे आमच्या घराला ठाऊक नाही. ठाऊक झालं तरी ती ठेवायला जागा नाही. बारावीचा अभ्यास मी अंजनीच्या काठाला आणि देवळाच्या ओट्यावर केला. वर्गातले काही मित्र ‘माझी खोली’ असा शब्द सहज वापरतात, तेव्हा मी गप्प राहतो. खडे घालून पहिल्यांदा भिंतीला टेकून बसलो आणि टीव्ही मागे गेला, तेव्हा मला वाटलं की आपल्यालाही एक खोली मिळाली. लांबी साधारण एक इंच. भाडं नाही. मराठीत खोली या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि माझ्या या खोलीला दोन्ही लागू पडतात.

मायला मात्र ही खोली पसंत नाही. तिचं म्हणणं रास्त आहे. घरात माणूस दिसतं आहे आणि हाक पोचत नाही, हा प्रकार तिनं यापूर्वी कधी पाहिलेला नव्हता. “हाका मारीमारी मना घसा कोरडा पडना!” असं ती म्हणते आणि पाठीत लाटणं टोचते. तिचा आणखी एक मुद्दा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ती म्हणते, आधी तू गाणं लावायचास तेव्हा ते आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. आता वाटेकरी नाहीत. आमच्यात तह झाला आहे: घरात दिवसा एकच खडा, तोही डाव्या कानात; उजवा कान मायचा. दोन्ही फक्त रात्री जेवणं झाल्यावर.

आवाजाचीही मर्यादा मी ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. ९० वर गेलात तर चारच तास. आकडा दहानं वाढला आणि मुदत दहा पट घटली, हे ध्यानात घ्या. बसमध्ये ज्यांचे इअरफोन कान बंद करत नाहीत ते इंजिनाच्या आवाजावर गाणं चढवतात. जळगावला जाईस्तोवर शेजाऱ्यालासुद्धा सगळं गाणं पाठ होतं. नीट बसलेल्या खड्याचा मोठा गुण हा, की बाहेरचं आत येत नाही म्हणून आतलं मोठं करावं लागत नाही. मित्रांना हे सांगितलं तर ते म्हणतात, वायरमन, तू म्हाताऱ्यासारखा बोलतोस.

मी म्हाताऱ्यासारखा बोलतो याला कारण आहे.

पौषातली एक रात्र. आबा जेवून बसले होते. त्यांनी आपणहून हात पुढे केला. मी त्यांचे कान वर-मागे ओढून खडे बसवले. तरुणपणी आबा आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. म्हणून भजनच लावलं. मृदंग, पेटी, मागे आठ-दहा टाळकरी. मी स्वतः ते अनेकदा ऐकलं होतं. त्यात टाळांची झळाळी अशी आहे की डोळे मिटले तर ऊन पडल्यासारखं वाटतं. आबांची मान मृदंगावर डोलायला लागली. चेहरा खुलला. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “यामा टाय वाजत नही का रे?”

मी फोन पाहिला, खडे तपासले, उजवा-डावा बदलून पाहिला. टाळ वाजत होते.

आबा बावीस हंगाम जिनिंगमध्ये काढून बसले आहेत. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत यंत्रांच्या रांगेत उभं राहायचं. चामड्याचे रोलर फिरतात, पाती खालीवर होतात, रुई एकीकडे आणि सरकी एकीकडे पडते. तिथं दोन माणसं बोलत नाहीत, खुणा करतात. जिनिंगमधला आवाज अभ्यासकांनी मोजला आहे. तो ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० ही मर्यादा लिहिलेली आहे. पण हे सगळं मला वाचून माहीत होतं, खड्यांच्या नादानं. ते माझ्यासमोर बसून टाळ शोधत होतं, हे त्या रात्री कळलं.

त्यांना मोठ्या मिनतवारीनं जळगावला नेलं. एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवून, कानावर हेडफोन चढवून, बारीक बारीक स्वर ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. शेवटी एक कागद मिळाला. त्यावर आलेख. आडव्या रेषेवर २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत स्वर, उभ्या रेषेवर डेसिबल, फक्त इथं रेषा खाली गेली म्हणजे ऐकू येणं कमी. उजव्या कानाची तांबडी वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या. तपासणाऱ्या बाई आबांना समजावून सांगायला लागल्या आणि मी तोवर तो वाचून संपवला होता. दोन महिने मी दुसरं काय केलं होतं? १,००० पर्यंत रेषा बरी. २,००० पासून उतार. ४,००० वर दोन्ही कानांना खोल खड्डा, साठाच्या खाली. मोठ्या आवाजानं बिघडलेल्या कानाची हीच खूण, सुरुवात बहुधा तिथूनच होते. आतल्या ज्या केसांसारख्या पेशी मेल्या त्या पुन्हा येत नाहीत. टाळ त्या खड्ड्यात होते. आणि स, श, च, ट हेही. बाई म्हणाल्या, “यांना कुणी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते नीट कळत नाही.” गावात आबा अबोल म्हणून प्रसिद्ध आहेत. लग्नात, पंचायतीत ते मान डोलवतात आणि हसतात.

बाईंनी श्रवणयंत्र दाखवलं. करडं, चिंचोक्याएवढं, कानामागे बसणारं, त्यातून एक बारीक तार पुढे वळून कानात जाणारी. ग्रंथालयातल्या मामांना आधीच दिसलं होतं ते मला तेव्हा दिसलं. आणि ही नुसती दिसण्यातली गोष्ट नाही. ज्या ‘एटिमोटिक’चं नाव लक्षात ठेवायला मी सांगितलं होतं तिचे संस्थापक मीड किलियन हे आधी ‘नोल्स’ या कंपनीत होते, आणि नोल्स श्रवणयंत्रांसाठी इवलेसे ध्वनिक्षेपक बनवणारी. ‘ईआर-४’मध्ये त्याच जातीचा क्षेपक होता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी केलेली विद्या पुढे ज्यांना फार चांगलं ऐकायचं आहे त्यांच्या हौसेला आली. माझ्या खड्यांतला क्षेपक वेगळ्या जातीचा आहे, पण घराणं एकच.

आम्हाला सांगितलेली किंमत दोन्ही कानांची मिळून माझ्या खड्यांच्या दसपट होती. म्हणजे बत्तीस क्विंटल कापूस. पण आबांनी किमतीचा प्रश्न काढलाच नाही. येताना बसमध्ये त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला कुठल्या आलेखात सापडलं नव्हतं. “यंत्र लावं, मंग जिनना आवाजबी मोठाच ऐकू येई ना?” खरंच आहे. कामावर ते काढून ठेवावं लागणार, आणि आवाज तर तिथंच आहे. आधी आहे ते वाचवायला पाहिजे.

बावीस वर्षं आबा कानात रुईचा बोळा घालत आले. फुकट आणि पायाशी पडलेला. पण कापूस आवाज जवळजवळ अडवत नाही, हे मला टोप्यांच्या अभ्यासात कळलं होतं. मी वीस रुपयांना पिवळ्या स्पंजाच्या बोळ्यांची जोडी आणली. ते नीट बसले तर चांगले वीस-पंचवीस डेसिबल खाली आणतात, वरवर खोचले तर काहीच नाही. कुणाला शिकवण्याइतकी ही एकच विद्या मला येते. बोट स्वच्छ धुवायचं. बोळा चिमटीत वळून वातीसारखा बारीक करायचा. डोक्यावरून हात आणून कान वर आणि मागे. आत सरकवून बोटानं धरून ठेवायचा, तो आत फुगेपर्यंत, मनात तीस मोजायचे. आबांना मोजताना पहिल्या दिवशी घाई झाली, दुसऱ्या दिवशी जमलं. बसला की नाही हे पाहायला मी मागे उभा राहून नेहमीच्या आवाजात “आबा” म्हणतो. त्यांनी वळून पाहिलं तर पुन्हा.

कामावरच्यांनी पहिला आठवडा चेष्टा केली. आता त्यातल्या दोघांनी जोडी मागवली आहे. श्रवणयंत्राचं अजून काही ठरलेलं नाही. आबा म्हणतात हंगाम उतरू दे. सकाळी ते दारात उभे राहून कानात बोटं धरून तीस मोजतात, मी भिंतीला टेकून आजीच्या उरलेल्या चार जागा पुन्हा ऐकत असतो, आणि माय चुलीपासून चहासाठी हाका मारते. “पहिले एक व्हता,” ती शेजारणीला सांगते, “आते घरमा दोन बहिरा व्हयनात.” संध्याकाळी आबा बोळे काढून माझ्या खड्यांच्या डबीत टाकतात. वेगळी डबी आणून दिली होती. ती त्यांनी तंबाखूला घेतली.